चार हजार जखमा आणि दोन दिवसांची सुट्टी

‘शुक्रवारी या, सोमवारी कामावर जा.’ केस प्रत्यारोपणाच्या जाहिरातींत हे आश्वासन निरनिराळ्या शब्दांत फिरत असतं. आमच्या अनसिंगला त्याचीच दुसरी बाजू ऐकू येते. ती बोलतात दुकानाचे मालक, कचेरीतले साहेब आणि घरातली वडीलधारी माणसं : “केस लावाले सुट्टी कायची लागते बाप्पा? त्याचे काय हातपाय मोडले का?” पहिलं बोलणं विकणाऱ्याचं आहे, दुसरं कामावर ठेवणाऱ्याचं. दोघांची ओळखदेख नाही, हितसंबंधही वेगळे. तरी दोघं एकाच निष्कर्षावर येतात की या कामाला रजा लागत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आणि त्याची किंमत विकणारा भरत नाही, मालकही भरत नाही. ती भरतो तो वाशीम-पुसद रस्त्यावर रोज मोटारसायकल हाणणारा, पोती उचलणारा, धुळीत उभा राहणारा पोरगा.

प्रत्यारोपण करावं की नाही, हा वेगळा वाद आहे. पंचविशीच्या आतल्या पोरांनी घाई करू नये, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, औषधांना पुरेसे महिने द्यावेत, असं माझं मत आहे आणि ते मी माझ्या भाच्यालाही सांगितलं होतं. पण माणसाने निर्णय घेतला, पैसे भरले, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या डोक्यावर जखमा आहेत. त्या जखमांना किती दिवस लागतात, एवढाच इथे प्रश्न आहे. त्याचं उत्तर माणूस टकलाला लाजत होता की नाही यावर अवलंबून नसतं.

आधी या शस्त्रक्रियेत होतं काय ते पाहू. हल्ली बहुतेक ठिकाणी एफयूई पद्धत वापरतात. डोक्याच्या मागच्या भागातून, जिथले केस सहसा गळत नाहीत तिथून, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या नळीसारख्या धारेने एकेक मूळ कोरून काढतात. पुढे टक्कल पडलेल्या जागी तितक्याच बारीक चिरा पाडून ती मुळं एकेक करून बसवतात. दोन हजार ग्राफ्टचं काम हे नेहमीचं. दोन हजार मुळं म्हणजे मागे दोन हजार भोकं आणि पुढे दोन हजार चिरा. चार हजार जखमा. प्रत्येक बारीक, पण सगळ्या एकाच डोक्यावर आणि एकाच दिवशी. जागा बधिर करून सहा-आठ तास हे काम चालतं. जुन्या एफयूटी पद्धतीत मागच्या कातडीची पट्टीच कापून घेतात, टाके घालतात आणि ते दहा-चौदा दिवसांनी काढतात. पोट उघडलं नाही आणि पेशंट संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बाहेर आला, म्हणून ती शस्त्रक्रिया नव्हे, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा तिसऱ्या दिवशीचं डोकं जवळून पाहावं.

मी पाहिलं आहे. भाच्याच्या डोक्यात बधिर करायला टोचलेलं सगळं पाणी दुसऱ्या दिवसापासून खाली उतरायला लागलं. आधी कपाळ जड झालं, मग भुवया, मग पापण्या. चौथ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे फटीएवढे उरले होते. पुढच्या भागावर तांबूस-काळ्या खपल्यांचे दाणे, प्रत्येक दाण्यात कापलेल्या केसाचं एक टोक. मागचा भाग भाजल्यासारखा लाल. दोन उशा पाठीला लावून अर्धवट बसूनच झोपायचं, कारण कूस वळली की पुढचा भाग उशीला घासणार. दर तासा-दोन तासाला सलाईनच्या पाण्याचा फवारा. आंघोळ मानेखालीच. अंगावर यावं असं यातलं एकही नाही, आणि चारचौघांना हे माहीत असतं तर त्याला कुणी कामावर बोलावलंही नसतं.

पण त्याने सांगितलंच नव्हतं. तो गावातल्या एका कृषी सेवा केंद्रावर काम करतो. दवाखान्याची सूट मे अखेरपर्यंत होती म्हणून त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घेतली. मालकाला सांगितलं, मित्राचं लग्न आहे, दोन दिवस पाहिजेत. “मामा, शेठले नको सांगू, हासतीन सारे,” असं मला बजावलं. आणि दोनाचे चार दिवस करून पाचव्या दिवशी सुजलेल्या चेहऱ्यावर टोपी ओढून तो दुकानावर हजर झाला, कारण मृग तोंडावर आला होता आणि खताची गाडी खाली व्हायची होती. युरियाचं पोतं पंचेचाळीस किलोचं, डीएपीचं पन्नासचं. पोतं पाठीवर घेताना माणूस वाकतो, मान ताणली जाते, रक्त डोक्याकडे धावतं, घाम सुटतो, टोपी घासते, खताची भुकटी उडते. या सगळ्या गोष्टी पहिल्या दोन आठवड्यांत करू नका, असं त्याच्या हातातल्या कागदावर छापलेलं होतं. आठवडाभरात मागच्या भागात पू झाला. औषधांनी तो बरा झाला, पण पुढच्या बाजूचा एक पट्टा धरला नाही, आणि तिथे पुन्हा बसवायला मागच्या भागातली मुळं अमर्याद नसतात.

‘सोमवारी कामावर जा’ हे ज्याच्यासाठी लिहिलं आहे तो माणूस वेगळाच आहे. त्याचं ऑफिस थंड असतं, खुर्ची असते, समोर संगणक असतो. तो गाडीत बसून जातो, म्हणजे त्याला हेल्मेट लागत नाही. फार तर पहिला आठवडा घरूनच काम करतो. त्याच्यापुरतं ते वाक्य अर्धं खरं असेल. आमच्याकडे अनसिंगहून वाशीमला कामाला जाणारा माणूस वीस-पंचवीस किलोमीटर दुचाकीवर जातो. हेल्मेट घातलं तर ते नेमकं नव्या मुळांवर दाबून बसतं आणि काढताना खपल्या ओढतं. न घातलं तर कायदा मोडतो आणि जीव धोक्यात जातो. मे महिन्यात वाशीमचा पारा चाळिशीच्या पार असतो. उन्हातून निघायचं तर आमच्याकडे डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. तो दुपट्टाही त्या दिवसांत चालत नाही, आणि उघडं डोकं तर मुळीच चालत नाही. अशा माणसाला ‘डाउनटाइम नाही’ असं सांगणं म्हणजे त्याच्या रोजच्या कामाची चौकशीच न करणं.

दिवसांचा हिशेब हवेतला नाही. रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रॅसमन या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 2006 साली नेमका हाच प्रश्न तपासला : बसवलेलं मूळ किती दिवसांनी पक्कं होतं? त्यांना आढळलं ते असं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघून येतो. सहाव्या दिवसापासून केस ओढून तो निघत नाही, पण चिकटलेली खपली ओढली गेली तर आठव्या दिवसापर्यंत धोका राहतो. नवव्या दिवसापासून मात्र तो उपटून निघत नाही. गावात मिरचीचं रोप लावणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. रोप जीव धरेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही आणि वाफ्यातून गुरं हाकत नाही. म्हणजे नऊ-दहा दिवस ही कुणाची नाजूक समजूत नाही, तो मुळं धरण्याचा काळ आहे. घाम, ऊन, धूळ आणि ओझं यांचं पथ्य त्याहून लांब, बहुतेक डॉक्टर दोन ते चार आठवडे सांगतात. दोन दिवसांच्या सुट्टीत यातलं काहीच बसत नाही.

आता ‘हौस’ या शब्दाकडे येतो, कारण रजेच्या विरोधातला सगळा जोर त्याच शब्दात आहे. डोक्यावर केस नाहीत म्हणून कुणी मरत नाही, हौसेला मालकाने पगार का द्यावा, असं विचारलं जातं. विचारणाऱ्याने शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात काय झालं ते आठवावं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांमध्ये माणसांचे केस अचानक गळायला लागले. आज खाज, उद्या मूठभर केस हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. जानेवारी 2025 पर्यंत अठराएक गावांत पावणेतीनशेच्या आसपास माणसं या यादीत आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारणाची चर्चा खूप झाली. पण त्या दिवसांत त्या गावांवर जे गुदरलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलींनी कॉलेजात जाणं टाळलं, ठरलेली लग्नं लांबणीवर पडल्याच्या बातम्या आल्या, बाहेरची माणसं त्या गावांत यायला कचरू लागली. ज्या समाजाने हे सगळं केस गेले एवढ्याच कारणावरून केलं, त्याच समाजाने पुढे केसांची काळजी म्हणजे हौस, असं म्हणण्याचा अधिकार कुठून आणला?

आणि हे फक्त शेगावपुरतं नाही. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळणं किती अवघड झालं आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. स्थळ पाहायला गेल्यावर शेती किती, विहिरीला पाणी किती, नोकरी कायम की कंत्राटी, याच्यापाठोपाठ नजर डोक्याकडे जाते. “पोरगा चांगला हाये, पन वयस्कर दिसते” एवढ्या एका वाक्यावर स्थळ परत जातं. हा निकष मला पटत नाही. तो बदलायला हवा आणि तो बदलण्याची जबाबदारी मुलगी दाखवणाऱ्या आणि मुलगा दाखवणाऱ्या दोन्ही घरांची आहे. पण तो बदलेपर्यंत सत्तावीस वर्षांच्या पोराने घरातली गंगाजळी मोडून डोक्यावर उपाय केला तर त्याला उथळ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यावर जाणकार माणसं कायद्याचा दाखला देतात. सरकारच याला उपचार मानत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे, पण अर्धंच. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, त्या माफीतून केस प्रत्यारोपण नाव घेऊन वगळलेलं आहे आणि त्यावर 18 टक्के कर लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघाताने झालेली हानी भरून काढण्यासाठी असेल तर गोष्ट वेगळी. आरोग्यविम्याच्या पॉलिसीतही रूप बदलण्याच्या उपचारांचा खर्च मिळत नाही. पण हे नियम खर्च कुणी सोसायचा ते ठरवतात. खर्च ज्याचा त्याने सोसावा, याबद्दल माझी काही तक्रार नाही, भाच्यानेही सोसला. कर लावल्याने जखम लवकर भरत नाही. शिवाय तेच सरकार दुसऱ्या खिडकीतून काय सांगतं तेही वाचावं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये याबद्दल सूचना काढल्या. हे काम यूट्यूब पाहून किंवा एखादं शिबिर करून शिकण्याचं नाही, रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्या प्लास्टिक सर्जनने किंवा त्वचारोगतज्ज्ञाने ते करावं, अडचण आली तर सांभाळायची सोय जवळ असावी, असं त्यांत आहे. आयोग ज्याला शस्त्रक्रिया म्हणून वागवतो, त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसून ‘कटिंग’ म्हणता येत नाही.

रजेच्या नियमांत तर हौस आणि गरज अशी चाळणी मुळात नाहीच, आणि हे मालकांइतकंच नोकरांनाही माहीत नसतं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला 1981 च्या रजा नियमांखाली वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते, वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते. अर्धवेतनी रजा खाजगी कारणासाठीही घेता येते. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, साहेब नाकारू शकतात, हेही त्याच नियमांत आहे. पण नाकारायचं कारण कामाची निकड हे असावं, अर्जदाराचं टक्कल हे नव्हे. खाजगी दुकानांसाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, 240 दिवस काम भरलं तर दर वीस दिवसांना एक दिवस पगारी रजा आहे, ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्या कायद्यात नाही. म्हणजे मलेरिया झालेला आणि केस बसवलेला, दोघंही एकाच साठ्यातून दिवस काढतात. साठा ज्याचा आहे, तो त्याने कशावर खर्चावा याची झडती कशाला?

खरी अडचण निराळी आहे आणि अनसिंगसारख्या गावात तीच सगळ्यात मोठी. या रजेची तरतूद मुळातच दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होती. आमच्या बाजारपेठेतल्या दुकानांवर दोन, तीन, फार तर पाच माणसं असतात. कपड्याचं दुकान, किराणा, मेडिकल, कृषी केंद्र, मोबाईलची दुरुस्ती, सगळीकडे तेच. तिथे रजेचा कायदा म्हणजे मालकाचं तोंड. गैरहजेरीचा पगार कापला जातो, लांबली तर जागाच जाते. तिथल्या पोराला ‘तुझी हक्काची रजा घे’ असं शहरातून सांगणारे लेख मला चीड आणतात. त्याच्याकडे हक्काची रजा नाही. त्याच्याकडे आहे ती मालकाची मर्जी, आणि मर्जीला खरं सांगावं लागतं.

इथे मी माझ्याच बाजूच्या माणसांशी भांडणार आहे. प्रत्यारोपण करून घेणारे बहुतेक पुरुष खोटं बोलून सुट्टी घेतात. कुणाची आजी वारते, कुणाचा साडू अपघातात सापडतो, कुणी ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं प्रमाणपत्र आणतो. हे खोटं नैतिकदृष्ट्या वाईट आहे, ते सोडा; ते सरळसरळ धोक्याचं आहे. मार्च 2019 मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांचा एक व्यावसायिक एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट बसवून घेतल्यावर दोन दिवसांत दगावला. औषधाची तीव्र ॲलर्जी झाल्याचा संशय होता. कानपूरमध्ये नोव्हेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये दोन अभियंते अशाच शस्त्रक्रियेनंतर गेले. चेहरा प्रचंड सुजल्याच्या तक्रारी होत्या आणि करणारी व्यक्ती त्या कामाची तज्ज्ञ नव्हती, असे आरोप झाले. असे मृत्यू विरळ आहेत, कुणाला घाबरवायला मी ते सांगत नाही. पण कपाळावरची नेहमीची सूज आणि श्वास अडकवणारी, अंगावर गांधी उठवणारी सूज यांतला फरक पहिल्यांदा दिसतो तो शेजारी असलेल्या माणसाला. ज्याने घरी सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही, मित्राच्या खोलीवर टोपी घालून पडून राहिला, त्याच्या शेजारी ते पाहणारं कुणी नसतं. आमच्यापासून दवाखाना अकोल्याला, नागपूरला किंवा पुण्याला. रात्री अंगात ताप भरला तर गावातल्या डॉक्टरपुढे जायचं आणि त्यालाही टायफॉइड सांगायचा का?

लाज हे खोट्याचं कारण आहे आणि लाजेचं कारण बाजारपेठेतलं हसणं आहे. म्हणून मालकांना माझं सांगणं आहे की तुम्ही हसलात की तुमचं नुकसान होतं. भाच्याच्या मालकाला पुढे सगळं कळलं तेव्हा तो चिडून म्हणाला, “आधी सांगतलं असतं त पंधरा दिवस बिलावर बसवलं असतं लेका, पोते कोनाले बी उचलता येतात.” मला तो राग खरा वाटला. त्याच्या दुकानात बिलं करायला माणूस लागतच होता. पण हेही खरं की महिनाभर आधी त्याच गाद्यांवर दुसऱ्या एका पोराच्या विगवरून दिवसभर थट्टा चालली होती आणि भाचा ती ऐकत उभा होता. ती ऐकलेला माणूस खरं सांगायला पुढे येईल अशी अपेक्षा कशी करायची?

नोकराचीही जबाबदारी आहेच. प्रत्यारोपण हा अपघात नाही, त्याची तारीख आपण निवडतो. कृषी केंद्रावर काम करणाऱ्याने मे-जूनची तारीख घेणं म्हणजे मालकाच्या हंगामावर धोंडा टाकणं, आणि दवाखान्याची सूट हे त्याचं कारण होऊ शकत नाही. आमच्याकडे सोयाबीनची पेरणी जून-जुलैत, काढणी ऑक्टोबरच्या सुमारास, त्याच्या मागोमाग हरभऱ्याचं बियाणं आणि खत. डिसेंबर-जानेवारीत दुकानं निवांत असतात, ऊन मऊ असतं, घाम येत नाही, डोक्याला सैल कापड घेतलं तरी कुणी विचारत नाही. शेतमजुरी करणाऱ्याने तुरीची कापणी आणि मळणी मध्ये येणार नाही असं पाहावं. शिक्षकांना दिवाळीची सुट्टी आहे. उन्हाळ्याची सुट्टी लांब असली तरी आमच्या उन्हात ती या कामाला सोयीची नाही. बँकेत, पतसंस्थेत बसणाऱ्याने मार्चअखेर टाळावी. लग्नसराईत तारीख घेणाऱ्याचं तर मला नवलच वाटतं. तेव्हा गावातला प्रत्येक माणूस चार ठिकाणी पंगतीला जातो आणि न जाण्याचं कारण चार ठिकाणी सांगावं लागतं.

किती दिवस मागावेत, हे कामावरून ठरवावं. बसून काम, सावली आणि टोपीची सक्ती नाही, अशाला आठवडाभरात परतता येतं. सूज तोवर उतरते, खपल्या मात्र दिसत राहतात. ज्याला हेल्मेट घालून जावं लागतं किंवा गणवेशाची टोपी घट्ट बसते, पोलीस शिपाई असो की सुरक्षारक्षक, त्याने दहा-बारा दिवसांच्या खाली विचार करू नये आणि घट्ट टोपी कधी घालायची ते डॉक्टरला थेट विचारावं. ओझं, घाम, फवारणी किंवा धूळ असलेल्या कामाला दोन ते तीन आठवडे लागतात, निदान तेवढे दिवस हलकं काम तरी. खर्रा खाणाऱ्याने तो या काळात आणि त्याआधीही बंद ठेवावा, कारण तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं आणि नव्या मुळांना नेमकं तिथलंच रक्त हवं असतं. मालकाने तोंडात खर्रा असलेल्या पोराला ‘पथ्य कर, मग सुट्टी माग’ असं सुनावलं तर मी मालकाच्या बाजूने उभा राहीन.

रजा संपल्यावर आणखी एक टप्पा येतो, ज्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बसवलेले केस गळतात. मूळ आत शाबूत असतं, वरचा केस पडतो. पुढचे दोनेक महिने डोकं आधीसारखं, कधी आधीपेक्षा उजाड दिसतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फुटतात आणि खरा परिणाम वर्षाने कळतो. नेमक्या या काळात गाव निकाल देतं : “पैसे पाण्यात गेले.” त्या बोलण्याला कंटाळून पोरं चार ठिकाणी विचारत सुटतात, नवनवी तेलं डोक्यावर चोळतात आणि भरत आलेल्या जागेची पुन्हा वाट लावतात. त्या काळात त्याला रजा नको असते. बाजारपेठेने तोंड आवरलं तरी पुरे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो मालकाचा नसून सोबतच्या कामगाराचा आहे. भाचा घरी असता तर पोती उचलली असती दुसऱ्या पोराने. त्याचं घर भाच्याच्या घरापेक्षा गरीब आहे आणि केस लावायचा विचार त्याला कधी परवडणार नाही. एकाच्या जखमेचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि ‘माणुसकी’ म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. रजेची तारीख ठरेल त्याच बैठकीत त्याच्या जादा कामाचे पैसे ठरले पाहिजेत. सुट्टीवर जाणाऱ्याचा पगार कापला जाणार असेल तर ती कापलेली रक्कम मालकाच्या गल्ल्यात न जाता पोती उचलणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. पगारी रजा असेल तर जादा मजुरी मालकाने द्यावी. दोन्ही जमत नसेल तर परत आल्यावर भाच्याने तितक्याच दिवसांची त्याची जड पाळी घ्यावी, आणि ते कधी, हे आधीच तिघांनी मिळून ठरवावं.